हात मांडीखाली

जनावरांच्या दवाखान्यात त्याला सगळे सांडशी म्हणत. डॉक्टर आले, डॉक्टर गेले, सांडशी तिथेच राहिला. सुई काय, कोणीही टोचतं. पण लाथा झाडणाऱ्या घोडीला जमिनीवर आणायचं आणि टाके पडेपर्यंत तिथेच ठेवायचं, हे काही कोणा सोम्यागोम्याचं काम नाही.

त्या सकाळी कुंपणाच्या तारेने मांडी फाडून घेतलेली एक घोडी आली होती. तिने नव्या कंपाउंडरच्या छातीत अशी लाथ घातली की तो भिंतीला आपटून खाली बसला आणि बराच वेळ त्याला श्वासच सापडेना. फरशीवर रक्त, घोडीच्या तोंडाला फेस, मालक लांबूनच "सांभाळा, सांभाळा" करतोय. सांडशीने हातातला चहा शांतपणे खिडकीत ठेवला. दोरी आखूड धरली, मान वळवली, आपला खांदा तिच्या खांद्याला लावला आणि तिच्याच वजनाने तिला खाली आणली. मग मानेवर गुडघा आणि डोळ्यावर तळहात. घोडी दोनदा उसळली आणि पडून राहिली.

"डोळा झाकला की जनावराला वाटतं रात्र झाली," तो प्रत्येक नव्या माणसाला सांगायचा. "झाली शांत. आता घ्या टाके."

हीच विद्या त्याने घरीही नेली होती, आणि घोडं तिथेच पेंड खात होतं.

घरी त्याची लेक होती, सतरा वर्षांची. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून तिला भिंगरी म्हणत, पुढे तेच नाव पडलं. गेली दोन वर्षं मात्र तिच्या डोक्यात काहीतरी उठायचं आणि मग समोर काय आहे, कोण आहे, हे तिला दिसायचंच नाही. कपाटाच्या आरशावर तिने कपाळ आपटून तो फोडला होता. आईच्या हाताला ती अशी चावली होती की दातांची अख्खी कमान उमटली. आई पडदे शिवायच्या दुकानात कामाला. त्या हाताने तिला कितीतरी दिवस कात्री धरवली नाही. आणि दर वेळी सांडशी यायचा, लेकीचा हात मागे घ्यायचा, तिला फरशीवर आडवी करायचा, खांद्यावर गुडघा ठेवायचा आणि तिच्या डोळ्यांवर तळहात दाबायचा. पोर ओरडायची, लाथा मारायची, थुंकायची. मग अंग सैल सोडून पडायची.

"झाली शांत," तो बायकोला सांगायचा. दवाखान्यात सांगायचा अगदी त्याच आवाजात.

शांत कसली. पुढचा उद्रेक आधीपेक्षा मोठा व्हायचा. शेवटी एकदा शेजाऱ्यांनी गाडी बोलावली आणि तिला मोठ्या इस्पितळाच्या बंद वॉर्डात नेलं. तिथे पट्ट्यांनी पलंगाला बांधून ठेवलं. परत आली तेव्हा मनगटांची साल गेली होती आणि ती कोणाशी बोलत नव्हती. बोलायला लागली ते एवढंच: "पुन्हा तिथे पाठवलंत तर मी जिवंत परत येणार नाही." हे तिने ओरडून नाही, भांडी पुसता पुसता सांगितलं.

मग त्यांना ही डॉक्टरीण सापडली. बाई बुटकी, बाह्या वर सरकवलेल्या, टेबलाच्या मागे न बसता त्यांच्यात खुर्ची ओढून बसणारी. सांडशीला वाटलं होतं, गोळ्या लिहून देईल, आपण घेऊन जाऊ. गोळ्या तिने दिल्याच. पण वर म्हणाली, "पुढचं काय करायचं ते आपण चौघांनी मिळून ठरवायचंय. सुरुवात हिच्यापासून."

"डॉक्टर तुम्ही की ही?" सांडशी म्हणाला.

"डॉक्टर मी. पण मी काही तुमच्या घरात राहत नाही. तिचं सुरू होतं तेव्हा तिथे तुम्ही तिघंच असता." मग ती भिंगरीकडे वळली. "बोल. काय झालं की जास्त बिघडतं?"

भिंगरीने आपल्या बुटांच्या नाड्यांना सांगितलं, "मला धरतात तेव्हा."

"मग काय टाळ्या वाजवायच्या?" बाप उसळला. "आईला फोडून काढतेस, स्वतःचं डोकं आपटून घेतेस, आणि धरायचं नाही? मी धरतो म्हणून तू वाचलीस! विचारा तिच्या आईला. मी धरलं की शांत होते ती."

"मी शांत होत नाही," भिंगरी म्हणाली.

"होतेस."

"बाबा, तुम्ही डोळे झाकता ना, तेव्हा मला वाटतं मी मेले. खरंच मेले. श्वास येत नाही, वर तुमचं वजन. मेलेलं माणूस लाथा मारत नाही. म्हणून मी पडून राहते. आणि तुम्ही आईला सांगता, झाली शांत. ते मला ऐकू येतं."

सांडशीने आपल्या तळहाताकडे पाहिलं आणि तो पालथा करून गुडघ्यावर ठेवला. आजवर त्या हाताखाली किती जनावरं शांत झाली होती याचा त्याला अभिमान होता. त्यातली किती शांत झाली आणि किती नुसती पडून राहिली, हे आता कोणाला विचारायचं?

"मला कोणी विचारणार आहे का?" अचानक आई म्हणाली. "मला माझ्याच पोरीची भीती वाटते. कात्र्या मी दुकानात ठेवून येते. ती मागून आली तरी मी दचकते. बोलून टाकलं. आता मला वाईट आई म्हणायचं तर म्हणा."

भिंगरीने पहिल्यांदा मान वर केली. "मग तू बाहेर जात जा ना," ती म्हणाली. "मला सुरू झालं की बाहेर जा आणि दार ओढून घे. तू तिथे उभी राहून रडतेस, म्हणून मी तुलाच मारते."

असं करत करत ठरलं. आई बाहेर जाणार. लेकीला धरायचं नाही, "शांत हो" म्हणायचं नाही. ते ऐकलं की तिच्या मस्तकात तिडीक जायची. तिने डोकं आपटलं तर मधे उशी घालायची, हात नाही. बाबांनी लांब जमिनीवर बसायचं आणि एवढंच म्हणायचं: मी इथेच आहे, तुला कोणी धरत नाही. वाक्य भिंगरीने स्वतः निवडलं.

"आणि हातांचं काय करू?" सांडशीने विचारलं. चेष्टेत नाही. त्याला खरंच समजत नव्हतं.

"मांडीखाली घ्या," लेक म्हणाली.

"आणि नाही जमलं तर?" आईने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "कोणाला मोठी इजा झाली तर पुन्हा वॉर्ड. मी खोटं सांगणार नाही."

घरी आल्यावर आईने सगळं कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं. सांडशी त्या कागदाकडे येता-जाता असा बघायचा, जणू कोणी आपल्याच घरावर जप्तीची नोटीस लावलीय.

पहिल्या वेळी तो बसला आणि लेकीने त्याच्या कानशिलात लाथ घातली. हात मांडीखालून सुटायला बघत होते. आयुष्यभराची सवय, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. दातओठ खात तो वाक्य म्हणत राहिला आणि म्हणताना त्याला आपण मूर्ख वाटत होतो. शेवटी पोर थकली, भिंतीला पाठ लावून बसली आणि म्हणाली, "पाणी." अंग सैल सोडून पडली नाही. डोळे उघडे होते. तिने पाणी मागितलं, ही एवढीशी गोष्ट त्याने दुसऱ्या दिवशी कामावर दिवसभर मनात घोळवली. कान सुजलेला बघून कंपाउंडर म्हणाला, "सांडशी, तुला कोणी हाणलं रे?"

"पोरीने."

सगळे हसले. तोही हसला.

पुढच्या वेळी जरा लवकर आटोपलं. त्याच्या पुढच्या वेळी तिने फक्त एक खुर्ची मोडली. गाडी रुळावर येतेय असं वाटत होतं, आणि तेवढ्यात मामा आला.

मामा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. गोदामावर सुरक्षेचा मुख्य, छाती पुढे काढून चालणारा. जगातल्या यच्चयावत प्रश्नांवर त्याच्याकडे एकच उत्तर असायचं: शिस्त. सुट्टीच्या दुपारी तो जेवायला आला, जेवला, हात पुसले आणि फ्रिजवरचा कागद वाचून त्याने नाकातून हवा सोडली.

"भाऊजी, तुम्ही? मांडीखाली हात?" तो हसला. "ताई, तुम्ही दोघं सज्जन आहात, म्हणून पोरगी तुमच्या डोक्यावर मिरी वाटते. आणि तू सांगितलंस तसं मी वॉर्डात बोलून ठेवलंय. एक फोन केला की गाडी येते."

स्वयंपाकघराच्या दारात भिंगरी पाण्याचा स्टीलचा जग घेऊन उभी होती.

"कोणी सांगितलं?" तिने विचारलं.

सांडशीने बायकोकडे पाहिलं. बायको मीठ सांडलेल्या जागी बोट फिरवत होती.

"आई? तू सांगितलंस?"

"ते आधीचं होतं," आई म्हणाली. "आपण डॉक्टरांकडे जायच्या आधीचं. मला भीती वाटत होती गं..."

जग आईच्या भुवईवर बसला. पाणी आणि रक्त एकदमच चेहऱ्यावरून खाली आलं. पाठोपाठ ताटं उडाली, एक खिडकीवर, एक मामाच्या छातीवर. भिंगरीच्या तोंडून निघणारा आवाज माणसाचा वाटत नव्हता. आई धडपडत उठली. एका हाताने तिने कपाळ दाबलं, दुसऱ्या हाताने भावाचा शर्ट धरला, त्याला ओढत बाहेर नेलं आणि दार लावून घेतलं. ठरलं होतं तसंच केलं तिने. त्या क्षणी हे तिला कसं सुचलं, देव जाणे.

बाहेरून मामाचा आवाज आला. तो फोनवर पत्ता सांगत होता.

सांडशी फरशीवर बसला. हात मांडीखाली घेतले.

"मी इथेच आहे," तो म्हणाला. "तुला कोणी धरत नाही."

"खोटं!" भिंगरी किंचाळली. तिने मोडक्या खुर्चीचा पाय उचलला आणि त्याच्या गळ्याखालच्या हाडावर मारला, मग कानावर, मग पुन्हा हाडावर. डोळ्यांपुढे काजवे चमकले. तोंडात रक्ताची चव आली. बोटं मांडीखाली वळवळत होती आणि त्याने आपलं सगळं वजन त्यांच्यावर टाकलं.

"कोणी धरत नाही. मी इथेच आहे."

तिने लाकूड फेकलं. भिंतीवरचं घड्याळ खाली आलं. मग ती भिंतीकडे वळली आणि कपाळ आपटायला लागली. तो आवाज तुम्ही कधी ऐकला नसेल तर बरंच आहे. सांडशी बसल्या बसल्या सरकत गेला, कोचावरची उशी दातांनी ओढली आणि खांद्याने भिंत आणि तिचं डोकं यांच्यामध्ये रेटली. चौथीतल्या पोरालाही हसू आलं असतं असा तो दिसत होता. भिंगरीचं कपाळ उशीवर बसलं. पुन्हा बसलं. मग जरा हळू.

"बाबा," ती धापा टाकत म्हणाली, "गाडी येतेय ना?"

"मी इथेच आहे."

तिचे खांदे खाली आले. दम उतरत होता. त्याला ते दिसत होतं. जनावराचं असो, माणसाचं असो, अंग कधी सुटतं हे त्याला कळायचं. अजून थोडा वेळ मिळाला असता तर ती खाली बसली असती आणि तिने पाणी मागितलं असतं.

तेवढ्यात दार उघडलं आणि मामा आत घुसला. बहिणीचं रक्त बघून त्याची तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि त्याला तरी सगळा दोष कसा द्यायचा. त्याने भिंगरीला मागून उचललं आणि फरशीवर आपटलं. पाठीवर गुडघा रोवला. ती किंचाळली तसा त्याने तिच्या तोंडावर, डोळ्यांवर आपला आडवा हात दाबला. तिचे पाय झाडले गेले, टाचा फरशीवर वाजल्या, एकदा, दोनदा. मग वाजायच्या थांबल्या.

"बघा भाऊजी," मामा धापा टाकत म्हणाला. "झाली शांत."

सांडशीचे हात मांडीखालून निघाले.

त्याने मामाचं मनगट धरलं, मान वळवली, आपला खांदा त्याच्या खांद्याला लावला आणि त्याला त्याच्याच वजनाने खाली आणला. मामा तगडा होता. त्याने कोपर मारून सांडशीचं नाक फोडलं. सांडशीने हात मागे नेला, आणखी मागे नेला, आणि मामाच्या खांद्यात काहीतरी निखळलं. मामा असा ओरडला की खालच्या मजल्यावरची दारं उघडली. मग मानेवर गुडघा गेला. डोळ्यांवर तळहात गेला. यातलं काहीही सांडशीने ठरवून केलं नाही. हात आपलं काम जाणत होते.

"अहो, सोडा!" दारातून बायको ओरडली. "मरेल तो!"

मामा दोनदा उसळला आणि पडून राहिला. तळहाताखाली त्याच्या पापण्या फडफडत होत्या. माणसाच्या पापण्या. सांडशीला सोडायचं होतं. तो आपल्या बोटांना सांगत होता, उघडा, उघडा, आणि बोटं ऐकत नव्हती. बायकोने त्याच्या पाठीवर बुक्के मारले, केस ओढले. ती जितकी ओढायची तितका गुडघा खोल जायचा.

"आई, त्यांना धरू नकोस," भिंगरी म्हणाली.

ती उठून बसली होती. ओठ फुटला होता, कपाळावर टेंगूळ, आणि श्वास अजून तुटक येत होता. आई मागे सरकली. भिंगरी बसल्या बसल्या सरकत बापाच्या समोर आली, फार जवळ नाही, आणि तिने आपले दोन्ही हात आपल्या मांडीखाली घेतले.

"बाबा," ती म्हणाली. "मी इथेच आहे. तुम्हाला कोणी धरत नाही."

त्याने तिच्याकडे पाहिलं. नाकातलं रक्त हनुवटीवरून मामाच्या कॉलरवर टपकत होतं.

"मी इथेच आहे. तुम्हाला कोणी धरत नाही."

आधी करंगळी सुटली. मग बाकीची बोटं. तळहात मामाच्या चेहऱ्यावरून उचलला गेला, मामाने बुडता बुडता वर आलेल्या माणसासारखा श्वास ओढला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. सांडशी गुडघा काढून मागे बसला. त्याने हात मांडीखाली घातले, कारण ते दुसरीकडे कुठे ठेवायचे हे त्याला सुचेना. बाप आणि लेक समोरासमोर तसेच बसून राहिले.

"पाणी," काही वेळाने सांडशी म्हणाला.

लेकीने फुटक्या ओठाने हसायचा प्रयत्न केला. "जग आईला मारला," ती म्हणाली, आणि मग तिचं तिलाच ते ऐकू आलं आणि तिला रडू कोसळलं.

जिन्यात बुटांचे आवाज आले. इस्पितळाची दोन माणसं दारात उभी राहिली. एकाच्या हातात रुंद पट्ट्या होत्या. त्या भिंगरीने लगेच ओळखल्या. तिचं रडू जागच्या जागी गोठलं आणि मांडीखालचे हात तिने आणखी आत ओढले. ती आईकडे बघत होती. सांडशीही बायकोकडेच बघत होता. गाडीची व्यवस्था तिच्या सांगण्यावरून झाली होती, कपाळ तिचं फुटलं होतं, आणि काय बोलायचं ते आता तिलाच बोलायचं होतं.

माणसांनी खोलीवर नजर फिरवली. फुटलेली ताटं, खुर्चीचा रक्त लागलेला पाय, हातांवर बसलेली दोन माणसं, आणि मधे कण्हत पडलेला एक धिप्पाड गडी.

"फोन आला होता," पट्ट्या धरलेला माणूस म्हणाला. "कोणाला न्यायचंय?"

आईने भुवईवरचा टॉवेल काढला, घडी बदलली, पुन्हा दाबला.

"याला," तिने भावाकडे बोट दाखवलं. "खांदा निखळलाय याचा."

"ताई!" मामा कळवळला.

"गप बस. हलवू नकोस तो हात." ती खाली वाकली आणि भावाच्या केसांतून तिने एकदा हात फिरवला. "मीही येते तुझ्याबरोबर. मलाही टाके लागतील. काय झालं ते मीच सांगेन, खरं खरं सांगेन."

पट्ट्या धरलेल्या माणसाने भिंगरीकडे मान वळवली. "पण आम्हाला तर मुलगी सांगितली होती. खूप मारामारी करते म्हणून."

आई दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली. भीती काही गेली नव्हती. ती मागे वळून लेकीकडे बघतानाही दचकलीच.

"ती बसलीय," आई म्हणाली. "दिसत नाही का? आमची मुलगी बसलीय."